मुरादाबादची गारपीट

वळवाचा पाऊस सुरू होऊन पत्र्यावर ताडताड आवाज होऊ लागला, की लहान मुले हातातले काम टाकून अंगणात धाव घेतात. परातीत, टोपीत, ओंजळीत गारा गोळा करावयाच्या, त्यांतील एखादी तोंडात टाकावयाची आणि बाकीच्या वितळण्यापूर्वी घरातल्यांना दाखवावयाच्या, हा आनंद आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवला असेल. शेतकऱ्याला मात्र तोच आवाज ऐकून धडकी भरते, कारण कापणीला आलेले पीक अवघ्या पंधरा मिनिटांत मातीला मिळते. गारांचे याहूनही भयंकर असे एक रूप आहे. ते क्वचितच दिसते. परंतु ज्या गावाने ते पाहिले, त्या गावाला त्याचा विसर पडत नाही.

उत्तर भारतात रामगंगा नदीच्या काठी मुरादाबाद नावाचे शहर आहे. आज ते उत्तर प्रदेशात असून पितळी भांड्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. ३० एप्रिल १८८८ या दिवशी ह्या शहरावर व आसपासच्या मुलखावर गारांचे प्रचंड वादळ कोसळले. प्रथम २३० माणसे दगावल्याची नोंद झाली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये हवामानाच्या उच्चांकांची छाननी करून या वादळातील मृतांची संख्या २४६ अशी नमूद केली. गारपिटीमुळे एवढी मनुष्यहानी झाल्याची दुसरी अधिकृत नोंद जगात नाही.

त्या दिवशी लोकांनी जे पाहिले व भोगले, त्याचा अर्थ आज आपल्याला बऱ्याच अंशी उलगडता येतो. तो उलगडून दाखवणे आणि त्यातून आपण काय शिकावयाचे ते सांगणे, हा या पुस्तिकेचा उद्देश आहे.

लोकांनी काय पाहिले

वादळाच्या वेळी जे घरात होते, त्यांनी सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. बाहेर जवळजवळ अंधार झाला. वाऱ्याने व्हरांडे उडवून नेले. खिडक्यांची व दारांची सर्व तावदाने फुटली. छपराचा मोठा भाग खाली आला आणि पक्क्या बांधणीचा देवडीचा भागही ढासळला. घराच्या भिंती हादरत होत्या आणि प्रचंड आकाराच्या गारा कधी न पाहिलेल्या जोराने जमिनीवर आदळत होत्या.

जे उघड्यावर सापडले, त्यांची स्थिती याहून वाईट झाली. शहराजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर चौदा प्रेते आढळली. एप्रिलचा अखेरचा दिवस, म्हणजे उत्तरेकडील लग्नसराईचा काळ. नदीच्या काठाने जाणारी एकाहून अधिक वऱ्हाडे या वादळात सापडली आणि त्यांतील माणसांचा नाश झाला. गुरे, मेंढ्या व शेळ्या मिळून सुमारे १,६०० जनावरे मेली. गारांच्या आकाराविषयी विचारले असता कोणी हंसाच्या अंड्याएवढ्या, कोणी संत्र्याएवढ्या, तर कोणी क्रिकेटच्या चेंडूएवढ्या असे सांगितले.

या हकीकतीतील तीन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. ऐन उन्हाळ्यात एवढा बर्फ आला कोठून? तो इतक्या जोराने का आदळला? आणि तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. गारांच्या माराने अनेक माणसे मेली हे खरे. परंतु त्या वेळच्या अहवालानुसार बहुसंख्य मृत्यू थंडीने झाले. एप्रिल महिन्यात, उत्तर हिंदुस्थानातील मैदानी प्रदेशात, माणसे थंडीने कशी मरतील?

उन्हाळ्यात बर्फ कसा तयार होतो

जमिनीवर कितीही कडक ऊन असले, तरी उंचावरील हवा थंडच असते. साधारणतः एक किलोमीटर वर गेले, की तपमान सहा ते सात अंशांनी उतरते. त्यामुळे एप्रिलमध्येही आपल्या डोक्यावर चार-साडेचार किलोमीटर उंचीवर शून्य अंश सेल्सियस तपमान असते. तेथून वर सर्वत्र हिवाळाच असतो म्हणा ना!

उन्हाने तापलेली जमीन आपल्या लगतची हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात पुरेशी वाफ असली, तर उंचावरील गारव्यात त्या वाफेचे सूक्ष्म जलकण बनतात आणि ढग तयार होतो. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता हवेला अधिकच वर लोटते. अशा रीतीने गडगडाटी मेघ वाढत जातो व बारा ते पंधरा किलोमीटर उंच असा अवाढव्य डोंगर आकाशात उभा राहतो. एवढ्या जाडीच्या ढगातून सूर्यप्रकाश खाली येणार कसा? मुरादाबादेत अंधार पसरला, त्याचे कारण हेच होय.

आता एक नवलाची गोष्ट. शून्य अंशाखाली पाणी गोठते असे आपण शाळेत शिकतो. परंतु ढगातील अगदी बारीक जलकण शून्याखाली वीस अंश, कधी तीस अंशांपर्यंतही द्रवरूपच राहू शकतात. गोठण्यास सुरुवात करून देणारा एखादा धुळीचा कण किंवा बर्फाचा स्फटिक त्यांना मिळावा लागतो. अशा पाण्याला अतिशीत पाणी असे म्हणतात. त्याला कशाचाही स्पर्श होताच ते गोठते.

अशा ढगात एखादा गोठलेला थेंब किंवा बर्फाची लहानशी कणी असली, की वाटेत भेटणारे अतिशीत जलकण तिला चिकटून गोठत जातात. हीच गारेची सुरुवात. ढगातील एक जलकण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा धरला, तर क्रिकेटच्या चेंडूएवढी एक गार बनण्यास सुमारे चार हजार कोटी जलकण एकत्र यावे लागतात.

गार मधोमध कापून पाहिली, तर कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात. काही दुधट, काही काचेसारखे स्वच्छ. जेथे जलकण विरळ असतात, तेथे ते गारेवर आदळताच गोठतात व त्यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे अडकून थर दुधट होतो. जेथे पाणी विपुल असते, तेथे गोठताना निघणारी उष्णता लवकर बाहेर जात नाही. पाणी गारेवर पसरून सावकाश गोठते, बुडबुडे निसटून जातात आणि थर पारदर्शक होतो. गार जितक्या वेळा ढगात खालीवर जाते तितके थर तिच्यावर चढतात, असे पूर्वी समजत असत. ढगाच्या वेगवेगळ्या भागांतून एकदाच प्रवास करतानाही असे थर बसू शकतात, असे आता दिसून आले आहे.

गारेचे वजन आणि वेग

गार वाढते म्हणजे जड होते आणि जड झाली की खाली पडू पाहते. तिला वर तोलून धरते ती ढगातील वर जाणारी हवा. कारंज्याच्या धारेवर चेंडू नाचताना आपण पाहतो, तसाच हा प्रकार आहे. धार जितकी जोराची, तितका जड चेंडू ती तोलते. क्रिकेटच्या चेंडूएवढी गार ढगात तोलून धरावयाची, तर वर जाणाऱ्या हवेचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर असावा लागतो. म्हणजे मुरादाबादेवर त्या दिवशी केवढे प्रचंड वादळ उभे होते, हे लोकांनी सांगितलेल्या गारांच्या आकारावरूनच कळते.

जी हवा गारेला तोलते, तिचा जोर कमी पडला की गार खाली येते आणि जमिनीजवळ तिचा वेगही साधारण तेवढाच असतो. अशा गारेचे वजनही चामड्याच्या चेंडूएवढे, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वर असते. असे शेकडो चेंडू एकाच वेळी डोक्यावर येत आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे मैदानावर सापडलेल्या माणसांची अवस्था ध्यानात येईल.

येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते आणि पडण्याचा वेग सुमारे दीडपट होतो. परिणामी तिचा आघात सुमारे सोळापट वाढतो. बोराएवढी गार अंगावर पडली तर माणूस हसतो. लिंबाएवढी गार कौल फोडते. संत्र्याएवढी गार जीव घेते.

एप्रिलमध्ये थंडी कशी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. गारा खाली येताना एकट्या येत नाहीत. त्या आपल्याबरोबर उंचावरील थंड हवाही खाली ओढतात. वाटेत त्या अंशतः वितळतात आणि एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता आसपासच्या हवेतूनच घेतली जाते. हवा अधिक थंड व जड होते आणि वेगाने जमिनीवर कोसळून सर्व दिशांना पसरते. वादळापूर्वी एकाएकी सुटणारा गार वारा तो हाच.

अशा वेळी उघड्यावर असलेल्या माणसाच्या अंगावरील सुती कपडे क्षणात ओलेचिंब होतात. ओल्या कपड्यांतून शरीराची उष्णता फार झपाट्याने बाहेर जाते आणि सोसाट्याचा वारा तिला आणखी वेग देतो. पायाखाली गारांचा खच. डोक्याला मार लागून पडलेला माणूस त्या बर्फातच पडून राहतो. शरीराचे तपमान एरवी ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते ३५ अंशांखाली उतरले, की हातपाय चालेनासे होतात, बुद्धी भ्रमिष्ट होते आणि अखेर हृदयाचे कार्य बिघडते. जखमी, वृद्ध आणि लहान मुले यांच्या बाबतीत हे अधिक लवकर घडते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. गारपीट थांबली म्हणजे धोका संपला असे नाही. मुरादाबादेत ज्यांना गारांनी मारले नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांना नंतरच्या गारठ्याने मारले. आसरा, कोरडे कपडे आणि ऊब वेळेवर मिळती, तर त्यांतील काही जण कदाचित वाचले असते.

एका गावात गारा, शेजारी ऊन

गारपिटीचा पट्टा बहुधा अरुंद असतो. त्याची रुंदी काही किलोमीटर आणि लांबी काही दशक किलोमीटर. ढग वाऱ्याबरोबर पुढे सरकत जातो आणि त्याच्या ज्या भागातून गारा पडतात, तेवढीच वाट झोडपली जाते. म्हणून एका शेतातील गहू आडवा होतो आणि बांधापलीकडच्या शेताला धक्काही लागत नाही. यात दैवाचा कोप पाहण्याचे कारण नाही.

गारांचा हंगामही ठरलेला आहे. मराठी मुलखात तो साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल व उत्तरेकडे मार्च ते मे असा असतो. या दिवसांत जमीन तापलेली असते, उंचावर पश्चिमेकडून येणारे वारे थंड व कोरडे असतात आणि मध्येच समुद्रावरून बाष्प येऊन मिळते. खालच्या व वरच्या वाऱ्यांच्या वेगांत मोठा फरक असल्यामुळे ढग कलता राहतो. पडणारा पाऊस वर चढणाऱ्या हवेच्या वाटेत येत नाही आणि वादळ दीर्घकाळ टिकते. पावसाळ्यात हा फरक उरत नाही. शून्य अंशाची पातळीही अधिक उंच जाते आणि ज्या काही लहान गारा बनतात, त्या वाटेतच वितळून पावसाचे टपोरे थेंब होतात. म्हणून श्रावणात गारा पडत नाहीत.

मुरादाबादेसारखे प्रसंग पुढेही घडले. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातील गोपालगंज जिल्ह्यात गारपिटीने ९२ माणसे दगावली. तेथे मिळालेली १.०२ किलोग्रॅम वजनाची गार ही आजवरची सर्वांत जड गार मानली जाते. महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत वारंवार गारपीट होऊन मराठवाडा, विदर्भ व इतर भागांतील गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे आणि डाळिंबे यांची अपरिमित हानी झाली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना मुरादाबादची हकीकत दूरची वाटणार नाही.

गारा थांबवता येतील काय

हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १८९६ च्या सुमारास ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात द्राक्षबागांच्या रक्षणासाठी कर्ण्याच्या आकाराच्या तोफा ढगांवर रोखून उडवण्यात येऊ लागल्या. हा उपाय युरोपात झपाट्याने पसरला. ज्या वर्षी गारा पडल्या नाहीत, त्या वर्षीचे श्रेय तोफांना मिळाले. परंतु पुढे काळजीपूर्वक परीक्षा झाली, तेव्हा तोफा असूनही गारा पडतात असे आढळले. आजही अशी यंत्रे विकली जातात. त्यांना शास्त्रीय आधार मिळालेला नाही. ढगात रसायने फवारण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. त्यांच्या यशाबद्दल तज्ज्ञांचे एकमत नाही.

खात्रीचा उपाय साधा आहे. हिमाचल प्रदेशातील सफरचंदांच्या बागांवर जाळी ताणतात. ती गारांचा मार झेलते. पिकाला जाळी, जनावराला गोठा आणि माणसाला पक्के छप्पर, असे हे सूत्र आहे.

आपण काय करावे

भारतीय हवामान खाते रडारच्या साहाय्याने वादळी ढगांवर नजर ठेवते आणि पुढील सुमारे तीन तासांचा इशारा देते. १८८८ च्या लोकांना ही सोय नव्हती. इशारा मिळाल्यास, किंवा काळाकुट्ट ढग चढून एकाएकी गार वारा सुटल्यास, पक्क्या घरात जावे. तावदानांपासून दूर बसावे. झाडाखाली थांबू नये, कारण तेथे विजेचे व मोडणाऱ्या फांद्यांचे भय असते. उघड्यावर सापडल्यास घमेले, पाटी, घोंगडी, दप्तर, जे हाती असेल त्याने डोके व मान झाकावी. गारा थांबताच जखमी माणसाला बर्फातून उचलून कोरड्या जागी न्यावे, ओले कपडे काढावेत, पांघरूण घालावे आणि शुद्धीवर असेल तर गरम पेय द्यावे. मुरादाबादच्या वादळाने शिकवलेला धडा तो हाच.

याशिवाय आणखी एक काम आपल्या हातून होण्यासारखे आहे. गारपिटीचा पट्टा अरुंद असल्यामुळे ती बहुधा वेधशाळेच्या अंगणात पडत नाही. ती पडते ती लोकांच्या शेतात व आळीत. पर्जन्यमापकात किती पाणी साठले हे कळते. गार केवढी होती हे त्यातून कळत नाही. म्हणून गारपिटीचे शास्त्र बऱ्याच अंशी साध्या माणसांच्या साक्षीवर उभे राहिले आहे. जॉन एलियट या हवामानशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये हिंदुस्थानातील गारपिटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५९७ गारपिटी होत्या आणि त्यांपैकी १५३ मध्ये तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गारा पडल्या होत्या. कोणीतरी बाहेर पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणूनच हे आकडे आपल्या हाती आले.

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात व्हिव्हियन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २३ जुलै २०१० रोजी पडलेली एक गार एका रहिवाशाने उचलून शीतपेटीत ठेवली. वादळाने वीज गेली व गार थोडी वितळली. तरीही मोजली तेव्हा तिचा व्यास २० सेंटिमीटरहून अधिक व वजन सुमारे ८८० ग्रॅम भरले. व्यासाने तिच्याहून मोठी गार अमेरिकेत आजवर अधिकृतपणे नोंदली गेलेली नाही. ती वितळून गेली असती, तर तिची गोष्ट कोणी खरी मानली नसती.

वादळ पूर्णपणे ओसरल्यावर शाळेतील विद्यार्थ्यांनीही हे काम करावे. गारा केव्हा सुरू झाल्या व किती मिनिटे पडल्या ते लिहावे. सर्वांत मोठी गार पट्टीने मोजावी. पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे व शीतपेटी असल्यास गार पिशवीत घालून तीत ठेवावी. पट्टी नसेल, तर बोर, लिंबू, संत्रे अशी तुलना लिहावी. कोणत्या गावात पडल्या, कोणत्या गावात पडल्या नाहीत, हेही नोंदवावे. मग ही टिपणे शिक्षकांमार्फत जवळच्या वेधशाळेकडे पाठवावीत.

मुरादाबादच्या रहिवाशांपाशी मोजपट्ट्या नव्हत्या. डोक्यावर छप्पर कोसळत असताना त्यांनी हंसाचे अंडे, संत्रे आणि क्रिकेटचा चेंडू एवढेच पाहिले व सांगितले. त्या तीन उपमांवरून आज आपण त्या ढगातील वाऱ्याचा वेग काढू शकतो. जे २४६ जण त्या दिवशी दगावले, त्यांच्या मृत्यूचे कारण आपल्याला कळू शकले, ते वाचलेल्यांनी जे सांगितले त्यामुळेच.